शिक्रा आणि भिंतीवरचा भात

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गेला त्या वर्षी मी दोनच कामं करत होते. स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली वावरायचं आणि उरलेला सगळा वेळ मागच्या खिडकीत बसायचं. टायपिंगचा क्लास सुटला होता. सोड असं कोणी म्हणालं नाही, जा असंही कोणी म्हणालं नाही, म्हणून सुटला. एकोणीस वर्षांची धडधाकट मुलगी दिवसभर खिडकीत बसते आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, यावरून घराची काय दशा होती ते ओळखावं.

आम्ही मद्रासबाहेर आवडी नावाच्या गावी राहत होतो, लष्करी सामान बनवणाऱ्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. अप्पा, म्हणजे वडील, तिथे हिशेबखात्यात कारकून. घराणं तंजावरच्या मराठी लोकांपैकी, ब्राह्मणाचं, सोवळ्याओवळ्याचं. आमच्या घरच्या बोलीला पुढे लग्न होऊन पुण्याला आल्यावर सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हा हे जे लिहिते आहे ते मराठी मी मागाहून शिकलेलं आहे, आणि हसणाऱ्यांपेक्षा बरं शिकले आहे. घरच्यांचं बोलणं मात्र होतं तसंच ठेवते.

क्वार्टर्स सगळ्या सारख्या. पुढे व्हरांडा, मागे न्हाणीघर, जरासं परस आणि छातीइतकी उंच विटांची भिंत. भिंतीला लागून एक कडुनिंब होता. त्याच भिंतीवर रोज दुपारी कावळ्याचा भात ठेवायचा. हे तिकडे सगळेच करतात, तमिळ काय नि आम्ही काय. ताज्या भातावर वरण आणि तुपाचा थेंब, भिंतीवर ठेवायचं, ‘का का’ म्हणून हाक मारायची, कावळ्यानं चोच लावली की मग घरातल्यांनी जेवायचं. पितर कावळ्याच्या रूपानं येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एरवी त्याचा कोणी विशेष विचार करत नव्हतं. दात घासण्यासारखंच ते एक काम होतं.

अण्णा त्याच कारखान्यात मशीनवर लागला होता. बरोबरीची पोरं त्याला स्टेशनजवळच्या मिलिटरी हॉटेलात घेऊन गेली. मिलिटरी हॉटेल म्हणजे तिकडची मांसाहारी खाणावळ. दुसरा कोणी असता तर पान खाऊन, तोंड धुऊन गुपचूप घरी आला असता. अण्णाच्या पोटात काही राहायचं नाही. तो आला आणि हसत हसत म्हणाला, “आई, आज मी मटण खाल्लों. काय सांगू तुज, फार बरं असतं.”

आई ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी एक अल्युमिनियमचं ताट वेगळं काढलं. मागच्या पायरीवर त्याची जागा झाली, न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात ताटाची. स्वयंपाकघराचा उंबरा त्याला बंद. ती वाढायची तीही वरून, पळी ताटाला लागू नये म्हणून हातभर उंचीवरून भात सोडायची. अण्णा पायरीवर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, “आणखी वरून वाढ आई. कुट्रालमचा धबधबा पाहिजे मज.” त्याला वाटत होतं आई महिनाभरात विरघळेल. तिला वाटत होतं तो महिनाभरात चुकलो म्हणेल. दोघं एकाच मातीची. महिने गेले, कोणी हललं नाही.

मग त्याला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग डोळे पिवळे झाले, मग इस्पितळ. आई रोज दहीभात कालवून न्यायची. आता ती चमच्यानं भरवायला तयार होती, पण त्याला वासही सहन होत नव्हता. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. “नोको आई. भात नोको.” काविळीत अन्नावरची वासना जाते असं डॉक्टर म्हणाले, नर्स म्हणाली, मीही म्हणाले. आईनं डबा झाकला. त्यानंतर तो तिच्याशी काही बोलला नाही, शुद्धीतच नव्हता.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजींना बरं वाटलं, मुलाची काही इच्छा राहिली नाही असं सगळे म्हणाले. आईनं ऐकून घेतलं. पण तो पिंड अप्पांच्या हातचा होता. तिच्या हातचा भात तो घेतो की नाही, हा तिचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो ती भिंतीवर रोज विचारायची. पूर्वी कावळ्याचा भात मी ठेवायची. आता तिनं ते काम माझ्याकडून काढून घेतलं. कावळे यायचे, तिनं हात मागे घेण्याआधीच यायचे, आणि ती आत येऊन जेवायची. एक पळी भात झाला की ‘पोदुम’, म्हणजे पुरे. पण जेवायची.

माझं विचाराल तर मी दगड झाले होते. रडू येत नव्हतं. समाचाराला बायका यायच्या, माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या, मी त्यांना कॉफी करून द्यायची आणि कॉफीत साखर बरोबर पडायची. अण्णाचा शर्ट दोरीवर दिसला तरी काही व्हायचं नाही. शर्ट आहे, एवढंच.

उन्हं तापायला लागली, पंगुनीचा, म्हणजे फाल्गुन-चैत्राचा महिना असेल, तेव्हा कडुनिंबावर तो पक्षी आला. आकार पारव्याएवढा. पाठ राखेसारखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, शेपटीवर काळे पट्टे. शेजारच्या क्वार्टरमधल्या अक्कानं त्याला बघितलं आणि आपल्या कोंबड्या झाकल्या. “वल्लूरु,” ती म्हणाली, “पिल्लं नेतो मेला.” त्याला मराठीत शिक्रा म्हणतात हे मला फार पुढे, पुण्यात कळलं. तेव्हा माझ्या लेखी त्याला नाव नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. डोळ्यांसमोर हलणारं काहीतरी हवं होतं, ते मिळालं.

जोडी होती. मादी मोठी, तिचे डोळे पिवळे. नर लहान, त्याचे डोळे लालभडक, रात्रपाळी करून आल्यासारखे. दोघांनी मिळून घरटं बांधायला घेतलं, आणि इतकं गचाळ बांधकाम मी दुसरं पाहिलेलं नाही. काटक्या पायात धरून आणायच्या, दोन फांद्यांच्या बेचक्यात टाकायच्या, अर्ध्या खाली पडायच्या. पडलेल्या उचलायच्या नाहीत, पुन्हा नव्या आणायच्या. एकदा अक्काच्या कपड्यांच्या दोरीची तारही आणली. कित्येक दिवस हे चाललं. खाली परसात काटक्यांचा सडा पडायचा आणि मी तो चुलीला घालायची.

शिक्रा घारीसारखा वर गोल गोल फिरत नाही. दाट पानांत बसतो आणि बसूनच राहतो. तास जातो, तरी मान तेवढी हलते. मग खाली सरडा किंवा पाल दिसली की फांदीवरून सुटतो, जमिनीलगत जातो, दोन-तीनदा पंख मारतो की पुढे नुसता तरंगत. बऱ्याचदा रिकामाच परत येतो. पकडलं तर कुंपणाच्या एका ठरावीक खांबावर नेऊन सोलून खातो. त्याच्या हालचालीआधी चिमण्या गप्प होतात, हे मला हळूहळू कळलं. परस एकदम मुकं झालं की समजायचं, तो निघाला.

मादी अंड्यांवर बसली तेव्हापासून घर चालवणं नराकडे आलं. तो शिकार घेऊन घरट्यावर जायचा नाही. दूर खांबावर बसून चिरक्या आवाजात दोनदा हाक मारायचा, टी-टुई, टी-टुई. मग ती उठून यायची, त्याच्याकडून घ्यायची, खायची आणि परत बसायची. भांडण नाही, लाडही नाहीत. मला ते आवडत होतं असं म्हणणार नाही, पण त्याची हाक आली नाही तर मी वाट बघत राहायची.

अंडी आली तसे कावळे मात्र उठले. आधी कावळेच अंगावर आले, दहा-बारा जण कलकलाट करून घरट्याला घेरायचे. पण ही दोघं तशी अंगानं लहान आणि स्वभावानं वाईट. झाडाजवळ आलेल्या प्रत्येक कावळ्याच्या पाठीवर नर जाऊन आदळायचा. आठवडाभर परसात काळी पिसं पडत होती. नंतर कावळ्यांनी शहाणपणा केला आणि कारखान्याच्या कॅन्टीनकडे मुक्काम हलवला. तिथे उष्टंखरकटं भरपूर होतं. आमच्या भिंतीवर यायचं त्यांना काही कारण उरलं नाही.

आईचा भात भिंतीवर तसाच वाळू लागला.

ती पायरीवर बसायची. जिथे अण्णा बसायचा त्याच पायरीवर. भोंगा झाला की अप्पा सायकलवरून जेवायला यायचे, त्यांना वाढायची, मला वाढायची, पुन्हा जाऊन बसायची. दुपार कलली तरी कावळा नाही. मग भात मुंग्यांना गेला, खारीला गेला, की ती उठून कॉफी घ्यायची आणि कामाला लागायची. रात्री म्हणे भूक मेली. बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. एकदा विहिरीपाशी चक्कर येऊन बसली. अक्कानं तिला धरून आणलं.

“तू जेव गं,” अप्पा म्हणायचे.

“तो येऊ दे की.”

यापलीकडे त्यांचं बोलणं जात नसे. मी म्हटलं, भात पुढच्या व्हरांड्यात ठेवू, तिकडे कावळे येतात. आईनं माझ्याकडे पाहिलं. “त्यास मी मागे बसविलें होतें. पुढे काय म्हणून येईल तो?”

मला शेवटी राग आला. त्या वर्षात आलेली ती एकच गोष्ट, राग. मी तिला हाताला धरून उभं केलं आणि झाडाकडे बोट दाखवलं. म्हटलं, “आई, ते बघ. त्या पक्ष्यास भिऊन कावळे येत नाहीत. अण्णाचा याच्यांत काही संबंध नाही.”

“मज ठाऊक आहे,” आई शांतपणे म्हणाली. “कावळे भितात. पण तो कोणास भीत होता की?”

तो कोणालाच भीत नव्हता. यायचं असतं तर आला असता. हा तिचा हिशेब, आणि हिशेबखात्यातल्या अप्पांनाही त्यात चूक काढता आली नाही.

अप्पांनी मग आपल्या परीनं उपाय काढला. माडावर चढणाऱ्या एका माणसाला सांगितलं, रविवारी सकाळी ये, घरटं काढून टाक. तोवर पिल्लं झाली होती. कापसासारखी पांढरी डोकी काटक्यांतून वर यायची. मी ती रोज बघत होते, आणि रविवारी ती खाली पडणार हे कळल्यावर मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर काहीच वाटलं नाही. आई जेवली पाहिजे होती. त्यापुढे पिल्लं म्हणजे पिल्लं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी पायरीवर होतो. भिंतीवर भात होता. एक खार आली, मागच्या पायांवर बसली आणि दोन हातांत शितं धरून खाऊ लागली. परस एकदम मुकं झालं. मला कळलं, आईला कळलं नाही. नर वरून आला नाही, भिंतीच्या कडेनं, आमच्या डोळ्यांच्या उंचीवरून आला. खार एकदाच ओरडली. मग तो भिंतीवर उभा होता. एक पाय खारीवर, एक पाय भातात, पंख अर्धे पसरलेले, चोच उघडी. लाल डोळ्यांनी तो आमच्याकडे बघत राहिला. आम्ही हललो नाही. मग ते ओझं घेऊन तो जड जड उडाला आणि आपल्या खांबावर गेला.

आई किंचाळेल असं मला वाटलं. अक्काच्या कोंबडीच्या अंड्याचं टरफल वाऱ्यानं परसात आलं तर ती दुसऱ्यांदा आंघोळ करणारी बाई. ती उठून भिंतीपाशी गेली. भातात नख्यांचे ठसे उमटले होते, चार शितांना रक्त लागलं होतं.

“भातात पाय देऊन उभा राहिला,” ती म्हणाली.

“होय.”

“खाल्ला नाही.”

“तो भात खात नाही आई. त्यास मांस लागतं.”

“तेंच की,” ती म्हणाली. “त्यास भात नकोच होता. आणि मी येवढे महिने भातच घालत बसले आहें.”

त्या दिवशीही ती जेवली नाही. संध्याकाळी अप्पांना मात्र म्हणाली, “त्या माणसास येऊ नको म्हणून सांगा. पिल्लं आहेत झाडावर.” निरोप पोचला नाही, रविवारी सकाळी तो दोर घेऊन हजर झाला. अप्पांनी त्याला कॉफी पाजली, दोन शब्द बोलले आणि परत पाठवला. पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला चुटपूट नको. ती पिल्लं मोठी झाली, फांदीवर येऊन बसू लागली, आईबापांच्या अंगावर ओरडून ओरडून खाणं मागू लागली आणि पावसाळ्याच्या तोंडाशी एकेक करून उडून गेली. घरटं वाऱ्यानं पडलं. शिक्रे पुढच्या वर्षी दुसरं झाड बघतात म्हणे. आमच्याकडे पुन्हा आले नाहीत.

त्या रविवारी, माणूस गेल्यावर, आईनं मला हाक मारली.

“अक्काकडे आज मटण असतं की?”

“रविवार आहे. असतंच.”

“जा. थोडं घेऊन ये.”

मी उभीच राहिले. ती पुन्हा म्हणाली, “जा गं. मागल्या दारानं ये.”

अक्का चुलीपुढे बसली होती. मी काय मागितलं ते ऐकून तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. केळीच्या पानात चार-पाच तुकडे घातले, वर रस्सा घातला, “पावम,” म्हणाली. बिचारी, असं. कोणाला ते म्हणाली नाही.

मी परसात आले तेव्हा आई अण्णाचं ताट चिंचेनं घासत होती. तो गेल्यापासून त्या कोनाड्याला कोणी हात लावला नव्हता. अप्पा दारात उभे होते. आईनं ताट भिंतीवर ठेवलं, माझ्या हातातलं पान घेतलं आणि त्यातला एकेक तुकडा बोटांनी उचलून ताटात मांडला. वरून टाकला नाही. हातानं ठेवला. रस्सा तिच्या मनगटापर्यंत ओघळला. जन्मात तिनं ज्याचा वास घेतला नव्हता ते तिच्या हाताला लागलं होतं, आणि ती हात धुवायला गेली नाही. ‘का का’ असंही म्हणाली नाही.

“ये रे कण्णा,” म्हणाली, तिकडे लहान मुलाला लाडानं हाक मारतात तसं.

शिक्रा आला नाही. शिजवलेल्याकडे तो ढुंकून बघत नाही, हे मला ठाऊक होतं. आला तो कावळा. एकच. भिंतीवरून तिरका तिरका चालत, वर झाडाकडे बघत. मटण दिसल्यावर कावळ्याला भीती किती पुरणार? त्यानं तुकडा उचलला, नर त्याच्यावर येऊन आदळला, तो पडता पडता उडाला, फिरून आला आणि दुसरा तुकडा घेतला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तसलंच हे, हे मला तेव्हाही कळत होतं. सांगण्यासारखं ते काही नव्हतंच.

“घेतलं,” आई म्हणाली.

अप्पा म्हणाले, “घेतलं.”

मग तिनं हातपाय धुतले. आंघोळ केली नाही. भिंतीवरचं ताट उचललं, विसळलं आणि घेऊन सरळ स्वयंपाकघरात आली. ते ताट उंबरा ओलांडून आत येताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पाटावर बसून तिनं ते आपल्यापुढे ठेवलं. “वाढ,” मला म्हणाली.

मी भाताची पळी भरली. ते ताट बघून माझा हात आपोआप वर गेला, हातभर उंच, त्या ताटाला जसं वाढायचं तसाच. आईनं माझं मनगट धरलं. खाली ओढलं, आणखी खाली, पळी ताटावर टेकून वाजेपर्यंत.

“असं वाढावयाचं होतं त्यास,” ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले, भात दिसेना. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. मी आणखी एक पळी वाढली, मग आणखी एक, दर वेळी ताटाला टेकवून. ती पोदुम म्हणाली नाही.